ओट्याची उंची

आमच्या लेकीच्या, ओतिलियाच्या, धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. जेवण आमच्याच अंगणात झालं होतं, ताडपत्री बांधून. मोले, मिरच्यांचा दाट रस्सा, शिजवायला माझ्या नवऱ्यानं, लिब्रादोनं, स्वतः घडवलेली तांब्याची मोठी कढई काढली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती टिचकी मारून दाखवत होता. पाहुणे गेले, अंगण धुऊन झालं, आणि नंतर एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. आमच्या गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया आहेत. मजला काही चढला नाही. सळयांना मी दोऱ्या बांधल्या. तिथून खाली गल्ली दिसते, टेकडीवरून मोरेलिया शहराकडे उतरत जाणारी, आणि त्या गल्लीतून लिब्रादो वर येत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणाची ढेप आणायला गेला होता. खालच्या चौकातून वळसा घेऊन गॅसची गाडी त्याच्या मागून आली. ती गाडी आली की सगळ्या वस्तीला कळतं. मागे साखळी फरफटत असते, भोंग्यावर एक बाई गॅस, गॅस ओरडत असते, कुत्री पिसाळल्यासारखी धावतात. लिब्रादो गल्लीच्या मधोमध चालत राहिला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, मग दाबूनच धरला. शेवटी गाडी करकचून थांबली तेव्हा तिचा पत्रा त्याच्या पाठीला लागला, फार नाही, गर्दीत कुणी ढकलावं इतकाच. तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. घरात आपण एकटेच आहोत असं समजून वावरणाऱ्याला कुणीतरी दिसावं, तसं नवल होतं. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काहीबाही बोलला. लिब्रादोनं टोपी वर करून त्याला नमस्कार केला आणि बाजूला झाला. माझ्या हातात ओली चादर होती. तिचं पाणी माझ्या पायांवर गळत होतं आणि मला ते बऱ्याच वेळानं कळलं.

तो घरात आला तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात होते. काय रे म्हाताऱ्या, गाडी दिसली नाही का, असं मी त्याच्याकडे पाठ करून विचारलं, हळू आवाजात, मुद्दाम. तो म्हणाला, "मेण चांगलं आहे. वास घे." मी वळले. त्याला कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. त्याच्या गावात, सांता क्लारात, जन्मभर घणाच्या आवाजात बसलेल्या कुठल्या तांबटाला नीट ऐकू येतं? पण कमी ऐकू येणं वेगळं आणि हे वेगळं. मी त्याच्या मागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, लिब्रादो, मक्याच्या पोत्याला आग लागली आहे. तो मेणाची ढेप फडक्यात गुंडाळत राहिला. लिब्रादो, तुझी बायको शेजारच्या गवंड्याबरोबर पळून चालली. त्यानं ढेप फळीवर ठेवली, वळून माझ्याकडे पाहिलं, माझे ओठ हलताना दिसले असतील, आणि तो म्हणाला, "हं. होईल सगळं नीट." मला हसू आलं आणि त्याच हसण्यात मला आठवलं, की हेच शब्द तो त्या दुपारीही बोलला होता.

ती दुपार ईस्टरच्या आधीची. आरोग्य केंद्रातली तरुण डॉक्टरीण काचेवर माझ्या हाडांचा फोटो लावून मला समजावत होती. उजव्या खुब्याचं हाड झिजत चाललंय आजी, आता उभं राहणं कमी करा. एखाद-दोन वर्षांत ते जमणारच नाही, खुर्ची लागेल. तिनं आजी म्हटलं म्हणून मला राग आला होता आणि त्या रागात मी पुढचं काही विचारलंच नाही. घरी आले. अंगणात लिब्रादो पेरूच्या वड्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यातली तांब्याची टाकी उलगडत होता. कारखाना मोडीत निघाला तेव्हा ती टाकी त्यानं हातगाडीवर घालून टेकडी चढवून आणली होती आणि कित्येक वर्षं ती कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी होती. या घराला जे जे लागलं ते असंच एकेक करून आलं, विटा आल्या, दार आलं, मग खिडकी, मग त्या खिडकीची काच. ओटा तेवढा राहिला होता. सगळा जन्म लोकांना कढया घालून दिल्या, आता तुला तांब्याचा ओटा, असं तो म्हणायचा, आणि मी म्हणायची, मरायच्या आधी दे म्हणजे झालं. त्या दुपारी मी त्याच्या मागे दारात उभी राहून सगळं सांगितलं. हाड, खुर्ची, सगळं. हातोडा थांबवून तो पत्र्याची कड डोळ्यासमोर धरून बघत होता. न वळताच म्हणाला, "होईल सगळं नीट." मला वाईट वाटलं, मग बरं वाटलं. वाटलं, हा घाबरला नाही, तर घाबरण्यासारखं नसेल. तेवढ्या तीन शब्दांवर मी इतके दिवस काढले होते. आणि आता गॅसची गाडी येऊन गेली होती, आणि मला प्रश्न पडला होता की त्यानं त्या दुपारी काही ऐकलं तरी होतं का. मला उभं राहता येणार नाही, हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे की नाही?

पुन्हा सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. आमच्या भिंती एकविटी आहेत. पलीकडे कासिल्दा राहते. तिच्या रश्श्यात मीठ किती पडलं ते मला ऐकू येतं आणि माझ्याकडलं तिला. कासिल्दाला कळलं की दुपारपर्यंत ओतिलियाला कळणार, आणि ओतिलिया टॅक्सी घेऊन येणार. आई, हे घर आता पुरे, बाबांचा तो खणखणाट पुरे, चला खाली आमच्या फ्लॅटमध्ये. तिच्या फ्लॅटमध्ये गालिचा आहे. गालिच्यावर तांबट काय करणार आणि पहाटे उठून कोरुंदा वळणारी बाई काय करणार? माझ्या कोरुंदा, मक्याच्या पानांत बांधून वाफवलेल्या, कोपऱ्यावर सात वाजायच्या आत संपतात. उभं राहून पीठ मळायचं, उभं राहून पानं गुंडाळायची, माझं सगळं आयुष्य ओट्याशी उभ्यानं गेलं. आणि दुसरंही एक होतं. ओरडून सांगितलं असतं तर तुला ऐकू येत नाही हे मला कळलंय, हेही त्यात आलं असतं. ते त्यानं माझ्यापासून झाकून ठेवलं होतं. मी माझा पाय झाकत होते. दोघं आपापलं झाकून एका ताटाशी बसत होतो.

मग मला रस्त्याची भीती बसली. तो बाहेर पडला की मी गच्चीवर. पायऱ्या चढताना खुब्यात कळ यायची, तरी गच्चीवर. मोटरसायकली, पाण्याचे टँकर, उतारावर ब्रेक न लागणाऱ्या मिनीबसा, हे सगळं पूर्वीही होतं, पण आता प्रत्येकाचा आवाज मला त्याच्या पाठीवर येऊन आदळताना ऐकू यायचा. त्याच्या वाटचं मी ऐकत होते. कान दुखायचे माझे. कासिल्दा मला मानानं दोन्या म्हणते. ती म्हणाली, "दोन्या तोमासा, या वयात नवऱ्यावर एवढी नजर? कुठली पोरगी हेरलीय त्यानं?" मी म्हटलं, हेरली असेल तर तिला सांग, ऐकू जात नाही, लिहून द्यावं लागेल. ती हसली. मी थट्टा केली असं तिला वाटलं.

लिब्रादोच्या घरी, सांता क्लाराला, मी नवी सून म्हणून गेले तेव्हा मला त्या माणसांचा धाक वाटला होता, कारण कुणी कुणाशी बोलायचंच नाही. सासरे, क्रिस्पीन, भट्टीपाशी बसलेले, सांडशीत लालभडक तांब्याचा गोळा, भोवती तिन्ही मुलगे घण घेऊन. सासरे लहान हातोडीनं ऐरणीच्या कडेवर दोनदा टकटक करायचे, की घण पडायला लागायचे, एकामागून एक, एकाही घणाचा दुसऱ्याला धक्का नाही. पुन्हा टकटक, की थांबायचे. तोंडानं हाक मारण्याची त्या घरात रीतच नव्हती. म्हाताऱ्याला जेवायला बोलवायचं तर जवळ जाऊन पाठीवर तळहात ठेवायचा. सुनेनंसुद्धा. मी पहिल्या दिवशी घाबरून दारातून हाका मारत राहिले होते आणि जेवण गार झालं होतं. शेवटी सासूनं माझा हात धरून नेला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला. सदऱ्याखाली घामेजलेली, कढत पाठ. सासऱ्यांनी वळून न बघता मान हलवली. तेव्हा मी सोळा-सतराची असेन. मला वाटलं होतं, हे लोक उद्धट आहेत. त्यांना ऐकू येत नाही हे कळायला मला पहिलं बाळंतपण व्हावं लागलं.

पत्रा मठारण्याचं काम पावसाळाभर चाललं. टाकीचा पत्रा जुना, आंबट पेरू शिजवून शिजवून काळवंडलेला, आणि तेवढाच होता. फाटला तर दुसरा कुठून आणणार? तांबं भाजून घेतलं की मऊ असतं, हातोडा पडला की थप्प वाजतं. ठोकत गेलं की ते कडक होत जातं, आवाज चढत जातो, थप्पचं ठण होतं, ठणचं खण, आणि तो आवाज पातळ, रडका झाला की थांबायचं. पुन्हा भाजायचं, पाणी मारायचं, पुन्हा मऊ. नाही थांबलं तर चीर जाते. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या घरात राहून कानात बसलं. आणि आता माझ्या ध्यानात आलं की हे सगळं कानाचं काम आहे आणि त्याच्याकडे कान नाहीत. मी भांडी टाकून दारात जाऊन उभी राहायला लागले. आवाज चढला, रडका व्हायला लागला, की मी जायची आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवायची. तो थांबायचा. मी म्हणायची, पाणी पितोस? किंवा, कॉफी ठेवू? काहीतरी विचारायचं म्हणून. तो मान हलवायचा, हातोडा ठेवायचा, ज्वाळेचा बर्नर पेटवायचा. तो पाणी प्यायचा, तांबं लाल व्हायचं, मी परत ओट्याशी. दिवसातून किती वेळा मी अशी ये-जा केली असेल, मोजलं नाही. रात्री खुबा भट्टीत घातल्यासारखा पेटायचा. पण मला वाटायचं, पत्रा मी वाचवते आहे. ज्या दिवशी मला दारापर्यंत जाता येणार नाही त्या दिवशी काय, हा विचार आला की मी उठून उगाच फळ्या पुसायची.

मधेच एक दिवस मी अंगणात स्टुलावर बसून कणसं सोलत होते. तो आला, माझ्या बाजूला उकिडवा बसला, माझ्या कोपराखाली त्यानं आपला तळहात आडवा धरला, जमिनीला समांतर, क्षणभर, आणि उठून निघून गेला. मी विचारलं, काय रे? त्याची पाठ होती. माझ्या मनात आलं, कानांबरोबर डोकंही चाललं की काय. त्याचा एक चुलता असाच माणसांना हात लावून बघत हिंडायचा शेवटी.

आणि मग विटांचं ते झालं. ओट्याचे विटांचे खांब आमच्या शेजारच्या आउसेन्सियो गवंड्यानं आधीच बांधून ठेवले होते, माझ्या कमरेइतके. एक दिवस मी कोपऱ्यावरून रिकामी भांडी घेऊन परत आले तर स्वयंपाकघरात विटांचा चुरा पडलेला. लिब्रादोनं खांबांचे वरचे थर छिन्नीनं उडवले होते. ओटा गुडघ्याच्या थोडा वर आला होता, पोरांच्या शाळेतल्या बाकासारखा. आउसेन्सियो दारात उभा राहून टोपीखाली डोकं खाजवत होता. दोन्या, हे माप कुणी दिलं, इथं वाकून काम केलंत तर पाठ मोडेल तुमची, असं तो मला म्हणाला. लिब्रादो कपडे झटकत होता. मी आउसेन्सियोला म्हटलं की माझंच माप आहे, मला असाच हवा आहे. का म्हटलं ते मला माहीत नाही. लिब्रादो चुकला हे गवंड्यानं बाहेर जाऊन सांगू नये म्हणून असेल. मी इतकी वर्षं त्याच्या मापानं घर बांधलेलं पाहिलं होतं. एक दार वाकडं नाही, एक पायरी कमी-जास्त नाही. आणि आता हे. मी त्या बुटक्या खांबांशेजारी उभी राहून हात खाली सोडून पाहिले, बोटांची टोकंसुद्धा पोचेनात. कान गेले, माप गेलं, आता काय जायचं राहिलंय? त्याला सांगून उपयोग नव्हता, ओतिलियाला सांगायची सोय नव्हती, आणि माझं हाड माझ्या कातड्याखाली आपलं झिजत होतं, कुणाला काही न सांगता.

शेवटचा पत्रा राहिला होता, पुढची कड, जी लाकडी फळीवरून खाली वळवायची, वाकवताना ज्यात चीर जाण्याचा सगळ्यात धोका. त्या सकाळी ढग होते. मी शिजलेल्या मक्याचं पातेलं उतरवलं आणि वळताना माझा पाय माझ्याखालून निघून गेला. दुखलं असं नाही. पाय तिथं नव्हताच. मी दारापाशी जमिनीवर बसले होते, पाठ चौकटीला, आणि उठता येत नव्हतं. पातेलं सांडलं नाही याचं मला त्या वेळी बरं वाटलं, हे आठवतं. अंगणात लिब्रादोची पाठ माझ्याकडे होती. हातोडा पडत होता. थप्प, थप्प. मग ठण. मी हात लांब केला. तो आणि मी यांच्यात एक चादर पसरावी इतकं अंतर होतं. आवाज चढायला लागला. मी हाक मारली. लिब्रादो. मग ओरडले, कासिल्दाला ऐकू जाईल इतकं, पण कासिल्दा बाजाराला गेली होती. लिब्रादो, थांब, लिब्रादो. खण, खण. तांबं रडायला लागलं होतं आणि माझ्या लक्षात आलं की मीही त्याच आवाजात रडते आहे, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेलेत आणि ज्याला ऐकायचे त्याला दोन्ही जात नाहीत. मी चप्पल काढली, फेकली, ती कोंबड्यांकडे गेली. आता जाणार, आता चीर जाणार, असं वाटून मी डोळे मिटले.

हातोडा थांबला.

मी डोळे उघडले तेव्हा त्यानं पत्र्यावर डावा तळहात सपाट ठेवला होता. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तो तसाच थोडा वेळ थांबला, मान हलवली, हातोडा खाली ठेवला आणि बर्नर घ्यायला वळला, आणि वळताना मी त्याला दिसले.

तो धावत आला नाही. त्याचेही गुडघे तसलेच. आला, माझ्यासमोर बसला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हणाले, सावकाश, ओठ नीट हलवत, पत्रा, चीर. तो म्हणाला, "नाही गेली. कडक झाला की हाताला झिणझिणतं. तळहाताला कळतं."

"कधीपासून?"

"कान गेल्यापासून."

सगळा पावसाळा मी दारातून अंगणात आणि अंगणातून दारात जळत्या खुब्यानं चालत होते. मी विचारलं, "मग मी पाठीवर हात ठेवायची तेव्हा तू थांबायचास ते कशाला?"

तो जरा लाजला. या वयात. "तुझा हात पडायचा," तो म्हणाला. "मी अजून दोन-चार ठोके मारू शकलो असतो. पण तुझा हात पडायचा. कशाला सांगू?"

मग त्यानं माझ्या काखेत हात घालून मला उचललं, दोघंही कण्हत, आणि आत नेऊन स्टुलावर बसवलं. स्टूल पायानं ढकलत ढकलत त्या बुटक्या खांबांपाशी नेलं. फळी तिथं आधीच ठेवलेली होती. त्यानं माझे दोन्ही हात उचलून फळीवर ठेवले. कोपर बरोबर फळीला टेकलं. पीठ मळायला जेवढं वर हवं तेवढं, ना जास्त ना कमी. मला अंगणातली कणसं आठवली आणि कोपराखालचा तो तळहात. मग मी त्याच्याकडे तोंड करून विचारलं की त्या दुपारी मी सांगितलं होतं ते तू ऐकलं होतंस का. डॉक्टरणीचं. हाडाचं.

"काय हाडाचं?" तो म्हणाला.

त्यानं काहीच ऐकलं नव्हतं. त्या दुपारचे ते शब्द पत्र्यासाठी होते. तो म्हणाला, तू भांडी घासताना एका पायावर उभी राहतेस, बगळ्यासारखी. जिना चढताना भिंतीला हात लावतेस. गच्चीवर जातेस ते कशाला ते मात्र कळलं नाही. मी सांगितलं, गॅसच्या गाडीसाठी. तो खो खो हसला. म्हणाला, तो ड्रायव्हर माझ्या पाया पडायचा राहिला होता म्हातारे, तूच वरून आशीर्वाद द्यायचास.

ती कड त्यानं वळवली, चीर न जाता. कोपऱ्यांवर झाळ देऊन सांधे जोडले. सगळा ओटा फळ्यांवर चिकटवून बसवला तेव्हा तो काळा, लाल, निळा, ज्वाळा जिथे जिथे फिरली तिथे तिथे डागाळलेला होता. लिंबू आणि मीठ घेऊन मी तो स्टुलावर बसून घासला. उभं राहावं लागलं नाही. घासू तसं खालून नव्या पैशासारखं गुलाबी तांबं वर यायचं, आणि त्यात हातोड्याचे डोळे, हजारो, माशाच्या खवल्यांसारखे, प्रत्येकात माझा एकेक तोंडवळा. मग पाण्यानं धुऊन, कोरडं करून, मेण पातळ करून फडक्यानं चोळलं. ओतिलिया आली, वाकून ओट्याला हात लावून म्हणाली, "आई, एवढा बुटका? यावर कोण स्वयंपाक करणार, बुटके?" मी स्टूल ओढलं आणि बसले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बापाकडे, आणि मग तिनं पर्स खाली ठेवली. फ्लॅटची गोष्ट तिनं त्या दिवशी काढली नाही.

त्यानंतर मी त्याच्याशी जास्तच बोलायला लागले. काम करता करता, त्याच्याकडे पाठ करून, मनात येईल ते. तो माझ्या मागे खुर्चीवर बसलेला असायचा, सकाळचं ऊन दारातून त्याच्या पायांवर. त्याला ऐकू जात नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे काहीही बोलता यायचं. कासिल्दाबद्दल, देवाबद्दल, सासूबद्दल. उत्तर यायचं नाही, ते रोजचंच होतं. भीती मात्र गेली नव्हती. तो बाहेर निघाला की माझा जीव रस्त्यावर जायचाच. गच्चीवर जाता येत नव्हतं म्हणून मी बसल्या जागी कान लावून असायची, साखळीचा आवाज कुठवर आला, हॉर्न किती वेळ वाजला. तो घरात असला की मी निर्धास्त. घरात काय व्हायचंय?

त्या सकाळी मी पीठ मळत होते आणि त्याला सांगत होते की या वर्षी मका कोरडा निघालाय, पाणी जास्त लागतंय, आणि पुढच्या मजल्याचं आता विसरायचं, सळया विकून टाकू. बराच वेळ बोलले. गॅसची गाडी गल्लीतून गेली, तिच्या मागे कुत्री गेली. मी म्हणाले, ऐकलंस, तुझा मित्र आला. मग पानं हवी होती म्हणून मी स्टुलावरच वळले. त्याच्या मांडीवर हातोडा होता, आणि त्याचा डावा तळहात उघडा, वर केलेला.

माझा नवरा लिब्रादो बाप्तिस्म्याच्या पुढल्या वर्षी, जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतरच्या मंगळवारी सकाळी, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या वारला.